एकच युद्ध, दोन निकाल: परदेशातल्या लढाईच्या ‘प्रगती’वर पक्ष का भांडतात?

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून एक प्रकार नेहमीचा झाला आहे. सकाळी साताऱ्यात पोवई नाक्यावर कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी येते की अमुक सैन्याने तमुक गाव घेतलं, आता समोरच्याचं काही खरं नाही. दुपारी दुसऱ्या ग्रुपवर त्याच गावाची बातमी येते: गाव म्हणजे नुसते पडके वाडे, त्यासाठी इतकी माणसं घालवली, हा विजय कसला? रात्री चॅनेलवर दोन निवृत्त अधिकारी एकाच नकाशावर काठी ठेवून उलटसुलट निष्कर्ष काढतात.

अमेरिकेतल्या बातम्यांनी गोंधळ आणखी वाढतो. युद्ध कसं चाललंय यावर तिथल्या माणसाचं मत काय असेल, हे त्याचा पक्ष कळला की बरंचसं ओळखता येतं. आपल्याला वाटतं, लढाई ही तर डोळ्यांना दिसणारी गोष्ट. पुढे सरकले की सरकले, मागे हटले की हटले. त्यात पक्ष कुठून आला?

हे समजून घ्यायला मी चालू युद्ध घेणार नाही. त्यात आपली मतं आधीच ठरलेली असतात. इराक युद्धातलं २००७ साल घेऊ. ते प्रकरण आता थंड झालंय, कागदपत्रं उघडी आहेत आणि दोन्ही बाजूंचं काय खरं ठरलं, काय फसलं, हे बऱ्यापैकी दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

मार्च २००३ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराकवर सैन्य धाडलं. १ मे २००३ रोजी ते एका विमानवाहू जहाजावर उतरले. मागे ‘कामगिरी फत्ते’ अशा अर्थाचा मोठा फलक लावलेला होता. पुढची साडेतीन वर्षं बॉम्बस्फोट, अपहरणं आणि शिया-सुन्नी कत्तली वाढतच गेल्या. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत मतदारांनी अमेरिकी संसदेची दोन्ही सभागृहं विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती दिली.

म्हणजे सेना राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली आणि तिजोरीची किल्ली विरोधकांकडे. जानेवारी २००७ मध्ये बुश यांनी सैन्य कमी करण्याऐवजी आणखी वीस हजारांहून जास्त सैनिक पाठवायची घोषणा केली. या जादा कुमकेला तिकडे ‘सर्ज’ म्हणतात. कल्पना अशी की बगदाद शांत करायचं, तेवढ्या उसंतीत इराकी नेते आपसात समझोता करतील. विरोधक म्हणाले, पैसे देतो, पण प्रगती मोजून दाखवा.

अठरा निकष, दोन गुणपत्रिका

मे २००७ च्या कायद्यात इराक सरकारसाठी १८ निकष घातले गेले. राज्यघटनेचा फेरविचार, तेलाच्या उत्पन्नाचं वाटप, प्रांतिक निवडणुका, बगदादसाठी तयार इराकी सैन्य अशी ती यादी होती. तपासणी दोघांनी करायची होती. एक खुद्द राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, दुसरी संसदेची स्वतंत्र तपासणी संस्था जीएओ. ती साधारण आपल्या ‘कॅग’च्या जातीची.

जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने सांगितलं: ८ निकषांवर समाधानकारक, ८ वर असमाधानकारक, उरलेल्या दोनांवर संमिश्र. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएओने सांगितलं: ३ पूर्ण, ४ अंशतः पूर्ण, ११ अपूर्ण. मधे जेमतेम दोन महिने गेले होते.

साहजिकच एका बाजूने ‘सरकार खोटं बोलतंय’ आणि दुसऱ्या बाजूने ‘तपासणारेच पराभव शोधताहेत’ अशी ओरड झाली. खरी मेख मात्र कायद्याच्या मजकुरातच होती. राष्ट्राध्यक्षांना विचारलं होतं, निकषाच्या दिशेने समाधानकारक प्रगती होतेय का? जीएओला विचारलं होतं, निकष पूर्ण झाला का? इतके कठोर दोनच रकाने पुरेनात, म्हणून ‘अंशतः पूर्ण’ हा मधला रकाना जीएओने आपल्या पदरचा घातला. राज्यघटनेच्या फेरविचाराचंच बघा. समिती नेमली गेली होती, बैठका होत होत्या, काम संपलेलं नव्हतं. पहिल्या प्रश्नाला याचं उत्तर ‘समाधानकारक’, दुसऱ्याला ‘नाही’. दोन्ही उत्तरं कागदावर बरोबर.

सांगलीकरांना हे फोड करून सांगायची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. समजा, महापुरात पाणी ५२ फुटांवर आहे आणि तासाला इंचभर उतरतंय. प्रशासन सांगणार, ‘पाणी ओसरू लागलं.’ पत्रकार लिहिणार, ‘अजून धोका पातळीच्या सात फूट वर.’ सूर्यवंशी प्लॉटमधला माणूस विचारणार, ‘माझ्या घरातलं कधी निघणार ते सांगा.’ तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. पहिला दिशा सांगतोय, दुसरा पातळी, तिसऱ्याला परिणाम हवाय. निवडणूक तोंडावर असली की सत्ताधारी दिशेचा आकडा धरतो आणि विरोधक पातळीचा. इराकमध्ये नेमकं हेच चाललं होतं. तिसऱ्याचा, म्हणजे सामान्य इराकी माणसाचा प्रश्न मात्र दोघांच्याही भाषणात जेमतेम यायचा.

पण निदान आकडे तरी एकच असतील ना?

इथे गोष्ट जास्त अवघड होते. डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे जादा कुमकेच्या घोषणेआधी, एका सर्वपक्षीय अभ्यासगटाचा अहवाल आला. रिपब्लिकन जेम्स बेकर आणि डेमोक्रॅट ली हॅमिल्टन हे त्याचे दोन प्रमुख. त्यांनी जुलै २००६ मधला एकच दिवस नमुन्याला घेतला. त्या दिवशी अधिकृत नोंदीत ९३ हल्ले वा हिंसेच्या मोठ्या घटना होत्या. त्याच दिवसाचे सगळे अहवाल नीट चाळल्यावर १,१०० हिंसक घटना सापडल्या.

कुणी रात्री बसून आकडे खोडले नव्हते. नियमच तसे होते. इराकी माणसाचा खून झाला तर तो ‘हल्ला’ धरला जाईलच असं नाही. कत्तल कोणत्या गटाने केली हे ठरवता आलं नाही तर ती नोंदीत नाही. रस्त्यावर बॉम्ब फुटला, पण अमेरिकी सैनिकाला इजा झाली नाही, तर तोही नाही. अहवालाने स्पष्ट म्हटलं की धोरणाशी विसंगती कमीत कमी दिसावी अशा पद्धतीने माहिती गोळा होत असेल, तर तिच्यावरून चांगलं धोरण आखणं अवघड असतं.

मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची ओळ हीच वाटते. आकडा खोटा आहे का, एवढंच आपण विचारतो. त्याआधी, काय मोजायचं आणि काय सोडायचं हे कुणी ठरवलं, ते विचारायला हवं. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने शत्रूची प्रेतं मोजली. बढती प्रेतांच्या आकड्यावर अवलंबून असल्यावर आकडे वाढणारच. नोव्हेंबर १९६७ मध्ये तिथले सेनापती वेस्टमोरलँड यांनी वॉशिंग्टनमध्ये येऊन सांगितलं की शेवट दृष्टिपथात येऊ लागला आहे. दोन-सव्वादोन महिन्यांनी, जानेवारी १९६८ च्या अखेरीस, शत्रूने एकाच वेळी दक्षिण व्हिएतनाममधल्या डझनावारी शहरांवर हल्ला केला. गंमत म्हणजे सैनिकी दृष्टीने तो हल्ला फसला होता. पण ‘शत्रू संपत आला’ असं ऐकत आलेल्या लोकांचा कुठल्याच आकड्यावर विश्वास उरला नाही. मार्च संपता संपता राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं.

इराकमधली हिंसा नंतर कमी झाली, हे तर खरं?

खरं. आणि हे कबूल करायला विरोधकांना बराच वेळ लागला. सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी एप्रिल २००७ मध्येच युद्ध हरलेलं आहे असं म्हणून टाकलं होतं. २००७ मध्ये इराकमध्ये ९०० हून जास्त अमेरिकी सैनिक मेले, युद्धातलं ते त्यांच्यासाठी सर्वांत वाईट वर्ष. २००८ मध्ये हा आकडा ३०० च्या आसपास आला. इराकी नागरिकांचे मृत्यूही घटले.

मग वाद श्रेयाचा सुरू झाला. रिपब्लिकन म्हणाले, जादा कुमक. विरोधकांनी दुसरी कारणं पुढे केली, आणि ती पोकळ नव्हती. अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या अल-कायदावर उलटल्या त्या सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे कुमक येण्याआधी. पुढे अशा हजारो लोकांना अमेरिकेने महिन्याला सुमारे ३०० डॉलर देऊन पहाऱ्यावर उभं केलं. ऑगस्ट २००७ मध्ये शिया नेता मुक्तदा अल-सद्र याने आपल्या लढवय्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितली. आणि बगदादच्या कित्येक मिश्र वस्त्यांतून एका पंथाचे लोक आधीच हुसकले गेले होते. मारायला शेजारी उरला नाही तर खून कमी होतात, त्याला शांतता म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

पूर ओसरल्यावर आपल्याकडेही हेच होतं. एक म्हणतो अलमट्टीतून विसर्ग वाढवला म्हणून, दुसरा म्हणतो कोयनेतून सोडणं कमी केलं म्हणून, तिसरा म्हणतो पाऊसच थांबला. तिन्ही एकाच वेळी घडलेलं असतं, त्यामुळे कुणालाही आपल्या सोयीचं कारण उचलता येतं. इराकच्या अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांचं म्हणणं असं की कुमक आणि टोळ्यांची फितुरी यांपैकी कुठलीही एक गोष्ट एकटी पुरली नसती. मला ते पटतं.

ज्या समझोत्यासाठी ही उसंत मिळवली, तो मात्र अर्धवटच राहिला. जून २०१४ मध्ये मोसुल शहर आयसिसच्या हाती पडलं. रिपब्लिकन म्हणाले, ओबामांनी २०११ मध्ये सैन्य माघारी आणलं म्हणून. डेमोक्रॅट म्हणाले, माघारीच्या करारावर बुश यांच्याच काळात, २००८ मध्ये, सह्या झाल्या होत्या. हा वाद आजही मिटलेला नाही.

जनरल तर कुठल्या पक्षाचा नसतो. त्याचं का ऐकू नये?

ऐकावं. पण त्याला काय विचारलंय तेही बघावं. १० आणि ११ सप्टेंबर २००७ ला इराकमधल्या फौजेचे सेनापती जनरल डेव्हिड पेट्रियस यांनी अमेरिकी संसदेसमोर साक्ष दिली. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की निवेदन मी स्वतः लिहिलंय, ते राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने किंवा संरक्षण खात्याने तपासून दिलेलं नाही. त्याच दिवशी एका डाव्या गटाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन त्यांच्या नावावर कोटी केली आणि त्यांना जवळजवळ गद्दार ठरवलं. ही जाहिरात विरोधकांच्याच अंगाशी आली. मुद्दा आकड्यांचा होता, तो जनरलच्या इमानाचा झाला. सिनेटने ७२ विरुद्ध २५ मतांनी जाहिरातीचा निषेध केला आणि आकडे कसे मोजले हा प्रश्न मागे पडला.

त्या साक्षीतला खरा क्षण वेगळाच होता. जॉन वॉर्नर या ज्येष्ठ सिनेटरने, तेही रिपब्लिकन, विचारलं: या सगळ्यामुळे अमेरिका जास्त सुरक्षित होतेय का? पेट्रियस म्हणाले, खरं सांगायचं तर मला माहीत नाही. नंतर त्यांनी उत्तर सावरून घेतलं. पण पहिलं उत्तर प्रामाणिक होतं, कारण तो प्रश्न सेनापतीचा नव्हताच. नेमून दिलेलं काम कसं चाललंय हे सेनापती सांगू शकतो. ते काम करावं की नाही हे राजकारणाने ठरवायचं असतं, आणि राजकारणी नेमके तिथेच गणवेशामागे लपतात.

म्हणजे एक पक्ष युद्धखोर आणि दुसरा शांततावादी?

तसं असतं तर सोपं झालं असतं. डिसेंबर २००९ मध्ये डेमोक्रॅट ओबामा यांनी अफगाणिस्तानात ३० हजार जादा सैनिक पाठवले, तेव्हा कुरकुर त्यांच्याच पक्षात जास्त झाली आणि रिपब्लिकन पाठीशी उभे राहिले. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनच्या मदतीचं विधेयक अमेरिकी प्रतिनिधिगृहात ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर झालं. विरोधातली सगळी ११२ मतं रिपब्लिकनांची होती, बाजूने त्या पक्षाचे १०१. ज्या पक्षाने इराकच्या वेळी ‘धीर धरा’ म्हटलं, त्याच्याच निम्म्याहून जास्त सदस्यांनी इथे हात आखडता घेतला. युद्ध कुणाच्या नावावर लिहिलं जाणार, हे बघून त्याच्या प्रगतीबद्दलची मतं ठरतात.

पण आपल्याला सातारा-सांगलीत बसून याचं काय?

वर्तमानाचं उत्तर सोपं आहे: डिझेल, खत, सूर्यफूल तेल. सूर्यफुलाचं तेल युक्रेनमधून येतं हे २०२२ मध्ये घराघरात कळलं. पण या भागाचं उत्तर जुनं आणि जड आहे.

हेच बगदाद, शंभर वर्षांपूर्वी. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठाने वर मजल मारली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि तेव्हाचा सातारा जिल्हा, ज्यात आजच्या सांगलीचा बराच भाग येत होता, हा मराठा पलटणींच्या भरतीचा हक्काचा मुलूख. गॅलिपोलीला तुर्कांकडून मार खाल्लेल्या लंडनला बगदादचा विजय हवाच होता, आणि बसऱ्याहून मोहिमेचे सेनापती जनरल निक्सन यांचे अहवाल त्याला साजेसेच जात होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या तोंडाशी, टेसिफोनला, फौज थांबली, हजारो जखमी झाले आणि माघार सुरू झाली.

जखमी नदीतल्या बोटींवर उघड्यावर, औषधपाण्याविना, स्वतःच्याच घाणीत पडून बसऱ्याला आले. त्यांच्याबद्दल वर गेलेल्या तारेत मात्र जखमींची सर्वसाधारण अवस्था ‘अत्यंत समाधानकारक’ असल्याचं कळवलं होतं. बोटीवरची खरी अवस्था लिहून कळवणारे लष्करी डॉक्टर मेजर कार्टर यांना अटकेची धमकी मिळाली, वर नसत्या उठाठेवी करणारा म्हणून बोलणी बसली.

उरलेली फौज कुत-अल-अमारा गावात वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यातल्या हजारोंचा कैदेत आणि कैदेकडे चालत जाताना अंत झाला. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि ब्रिटिश सरकारमधले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले एडविन माँटेग्यू, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे माँटेग्यू. मंत्री होण्याच्या काही दिवस आधीच त्यांनी याच अहवालावरच्या चर्चेत भारत सरकारच्या कारभाराची सालटी काढली होती.

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. दूरच्या लढाईचा अहवाल गोड करून लिहिला की त्याची किंमत कोण मोजतं, हे या मुलखाला वेगळं सांगायला नको.

युद्ध चालू असताना असले प्रश्न विचारले तर सैनिकांचं मनोबल खचत नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. फौजेच्या हालचाली, ठिकाणं, संख्या गुप्तच राहायला हव्यात. पण वरचे सगळे प्रश्न तसे नव्हतेच. ९३ की १,१०० हे विचारल्याने शत्रूला काही नवं कळत नव्हतं, त्याला आकडा आधीच माहीत होता.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. १९६२ मध्ये चीनशी लढाई चालू असताना विरोधकांनी संसद बोलवायची मागणी केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं आणि पंडित नेहरूंना भर युद्धात टीका ऐकून घ्यावी लागली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं, आणि त्याच महिन्यात कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पराभवाच्या कारणांची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी तिचे निष्कर्ष संसदेसमोर थोडक्यात मांडले, पण अहवाल उघड केला नाही, आणि सरकारने तो अजूनही प्रकाशित केलेला नाही. चव्हाणांबद्दल या भागात असलेला आदर मान्य करूनही मला वाटतं, काही वर्षांनी तरी तो छापायला हवा होता. त्यातल्या चौक्या आणि वाटा शिळ्या झाल्या. चुका कशा झाल्या हे शिळं होत नाही.

मग बातमी वाचायची कशी?

युक्रेनची बातमी घ्या. ‘या महिन्यात इतके चौरस किलोमीटर घेतले’ ही दिशा झाली. ‘देशाचा सुमारे पाचवा हिस्सा रशियाकडे आहे आणि २०२२ च्या अखेरीपासून रेषा फारशी हललेली नाही’ ही पातळी झाली. दोन्ही एकत्र वाचा. तुलना कुठल्या तारखेशी केलीय तेही बघा. सर्वांत वाईट महिन्याशी तुलना केली की काहीही सुधारलेलं दिसतं. सांगणाऱ्याचा पक्ष कळला म्हणून त्याचं सांगणं खोटं ठरत नाही, मात्र त्याने कुठला आकडा गाळला असेल याचा अंदाज बांधता येतो. आणि आपल्या बाजूच्या माणसाने स्वतःला अडचणीची गोष्ट सांगितली किंवा विचारली, वॉर्नरसारखी, तर तिला जास्त वजन द्या.

एक आकडा मात्र चर्चेत क्वचित येतो: जो यायचा बंद झाला तो. अफगाणिस्तानात किती तालुके सरकारच्या ताब्यात आणि किती तालिबानच्या, याचा हिशेब अमेरिकेची सिगार नावाची तपासणी संस्था दर तीन महिन्यांनी छापायची. ऑक्टोबर २०१८ च्या हिशेबात निम्म्याहून थोडेच जास्त तालुके सरकारकडे उरले होते. त्यानंतर तिथल्या लष्करी मुख्यालयाने हे मोजणंच थांबवलं. कारण दिलं की सेनापतीला निर्णय घेताना या आकड्याचा फारसा उपयोग नाही. सिगारच्या एप्रिल २०१९ च्या अहवालात ही गोष्ट नोंदलेली आहे. दोन्ही पक्षांत त्यावर फारसं भांडण झालं नाही, कारण भांडायला आकडाच नव्हता. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबुलमध्ये शिरले.